रस्त्याकडेच्या वृक्षांची निवड

रस्त्याकडेच्या वृक्षांची निवड म्हणजे गावातील व शहरातील रस्त्यांच्या कडेला, दुभाजकांत आणि चौकांत लावण्यासाठी योग्य वृक्षजाती ठरवण्याची प्रक्रिया होय. उद्यानविद्या, वनशास्त्र, मृदाशास्त्र, नगररचना आणि स्थापत्य अशा अनेक विद्याशाखांचा तिच्याशी संबंध येतो. रस्त्याकडेचे झाड रानातील झाडाहून वेगळ्या परिस्थितीत वाढते. त्याच्या मुळांना मोजकी जागा मिळते. खोडाभोवती डांबर किंवा सिमेंट असते, माथ्यावर विजेच्या तारा असतात आणि बाजूला घरे, गटारे व वाहने असतात. त्यामुळे रानात उत्तम वाढणारी प्रत्येक जात रस्त्यासाठी उत्तम ठरतेच असे नाही. चुकीच्या निवडीचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनी दिसू लागतो आणि तोवर तो दुरुस्त करण्याचा एकमेव उपाय बहुधा कुऱ्हाड हाच उरतो.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्याच्या कोरड्या व काळ्या जमिनीच्या प्रदेशातील निवडीचा विचार केला आहे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे गाव त्यासाठी उदाहरण म्हणून घेतले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रस्त्याकडेला झाडे लावण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावल्याचा आणि आमराया उभ्या केल्याचा उल्लेख आहे. या लेखात जातीची निवड उद्देशाला धरून केलेली दिसते. सावलीसाठी रस्त्यालगत वड आणि फळांसाठी स्वतंत्र आमराई अशी ही विभागणी आजही उपयुक्त आहे. शिवकालीन राज्यव्यवहाराचे वर्णन करणाऱ्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून ती धन्याच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा आशय आढळतो.

महाराष्ट्रातील जुन्या रस्त्यांवर वड, चिंच, आंबा, कडुनिंब आणि जांभूळ ही झाडे प्रामुख्याने दिसतात. बैलगाडीच्या वेगाने होणाऱ्या प्रवासात सावली ही चैन नसून गरज होती. विसाव्या शतकात शहरांत गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प अशा परदेशी जातींचा प्रसार झाला. लवकर वाढणे, भरघोस फुलणे आणि रोपवाटिकेत सहज तयार होणे ही त्यामागची मुख्य कारणे होती.

रस्ते रुंद होऊ लागल्यावर जुन्या वडांच्या रांगा तोडल्या गेल्या. सांगली जिल्ह्यातील भोसे येथील सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड २०२० साली महामार्गाच्या आखणीत येत होता. स्थानिक लोक व पर्यावरणप्रेमींच्या आग्रहामुळे आखणीत बदल होऊन तो वाचवण्यात आला. अशी उदाहरणे थोडी आहेत.

कुंभार पिंपळगाव व परिसर

कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब हे गाव याच तालुक्यात येते. तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते आणि पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा या पट्ट्यातून पुढे परभणी जिल्ह्याकडे जातो. कालव्याच्या व विहिरींच्या पाण्यावर येथे ऊस आणि मोसंबी घेतली जाते, तर कोरडवाहू शेतीत कापूस, सोयाबीन व तूर ही पिके असतात.

गावाच्या नावात पिंपळ आहे, ही गोष्ट मराठवाड्यात अपवादात्मक नाही. पिंपळगाव, वडगाव, चिंचोली, बोरगाव, बाभूळगाव, उंबरखेड, जांब अशा नावांची गावे राज्यभर विखुरलेली आहेत. वसाहत कोठे करावी हे ठरवताना माणसांनी आधी उभे असलेले झाड पाहिले असावे, असा या नावांवरून तर्क करता येतो. एखाद्या प्रदेशात कोणते झाड टिकते याची ही नावे म्हणजे जुनी आणि बरीच विश्वसनीय नोंद आहे. नवीन रस्त्यासाठी जातींची यादी करताना परिसरातील गावांची नावे एकदा वाचून पाहायला हरकत नसावी.

या भागातील हवामान निमकोरडे आहे. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्याचे प्रमाण वर्षागणिक फार बदलते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या. पाण्यावर जोपासलेली फळझाडे जेथे वाळतात, तेथे कोणी वाली नसलेल्या रस्त्याकडेच्या रोपाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करता येते. म्हणून येथे जातीची निवड करताना पहिला प्रश्न फुलांचा किंवा शोभेचा नसून दुसऱ्या उन्हाळ्यात ते झाड जगेल काय, हा असतो. पहिल्या उन्हाळ्यात उत्साह शिल्लक असतो आणि टँकरही येतो. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन्हींची खात्री नसते.

काळ्या जमिनीचा प्रश्न

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन कापसाला मानवते, पण झाडाला व बांधकामाला ती अवघड जाते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. पावसाळ्यात ही जमीन चिकट होऊन तिच्यातील हवा निघून जाते, तर उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. भेग पडताना कोवळी मुळे तुटतात आणि भेगेतून गरम हवा आत जाऊन उरलेला ओलावाही उडतो. त्यामुळे पावसाळ्यातील पाणथळपणा आणि उन्हाळ्यातील कोरड या दोन्ही टोकांना तोंड देणारी जातच येथे टिकते. केवळ कोरडेपणा सोसणारे माळरानावरील झाड या जमिनीत कुजू शकते. केवळ पाणी मानवणारे कोकणातील झाड मे महिन्यात वाळते.

या जमिनीत चुनखडीचे प्रमाण बहुधा जास्त असते. अशा जमिनीत लोह उपलब्ध असूनही झाडाला ते घेता येत नाही, मग पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. मोसंबीचे बागायतदार हे लक्षण चांगले ओळखतात. रस्त्याकडेच्या रोपात ते दिसले की मात्र पाणी कमी पडल्याचा समज होतो आणि जास्त पाणी देऊन आजार वाढवला जातो.

तिसरा धोका घरांना असतो. मोठे झाड उन्हाळ्यात पायाजवळच्या चिकणमातीतील ओलावा ओढून घेते. ती माती आकसली की उथळ पाया खचतो आणि भिंतीला तिरपी भेग पडते. इंग्लंडमध्ये १९७५-७६ च्या अवर्षणानंतर चिकणमातीवरील असंख्य घरांना असे तडे गेले आणि तेथील विमा कंपन्यांना झाडांचा स्वतंत्र विचार करावा लागला. आपल्याकडे हाच तडा बहुधा गवंड्याच्या माथी मारला जातो. सर्वसाधारणपणे काळ्या जमिनीत मोठ्या झाडाचे घरापासूनचे अंतर त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके असावे. तेवढी जागा नसल्यास लहान जात निवडावी.

निवडीचे निकष

झाड निवडण्यापूर्वी जागा मोजावी लागते. व्यवहारात मात्र उलटे घडते. रोपे आधी येतात आणि मग ती लावायला जागा शोधली जाते.

जागेच्या मोजमापात सर्वांत दुर्लक्षित बाब जमिनीखालची असते. झाडाचे मूळ त्याच्या उंचीइतके खोल जाते, हा समज सार्वत्रिक आहे, पण तो बरोबर नाही. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या साधारण दोन-तीन फूट थरात असतात आणि आडवी पसरत झाडाच्या घेराच्याही बाहेर जातात. याच थरात रस्त्याची खडी दाबून बसवलेली असते, गटार असते आणि नळाची वाहिनीही असते. दाबलेल्या खडीत मूळ शिरत नाही. मग ते फरशीखालच्या पोकळीत किंवा गळक्या गटाराच्या सांध्यात शिरते. झाडाने पदपथ उचलला अशी तक्रार होते, परंतु पदपथाखाली त्याला दुसरी जागा ठेवलेली नसते, हेही नोंदवायला हवे.

जमिनीच्या वरच्या भागात तारांची उंची, वाहनांची उंची आणि घरांचे अंतर पाहावे लागते. मोठ्या रस्त्यावरील फांद्या वाहतुकीच्या भागावर साधारण साडेपाच मीटरपेक्षा खाली असू नयेत. ऊस पिकणाऱ्या भागात याला विशेष अर्थ आहे. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या उंच भरलेल्या असतात आणि खाली वाकलेल्या फांद्या त्या सोलून नेतात. ओरबाडलेल्या जागी बुरशी शिरते आणि चार-पाच वर्षांनी तीच फांदी वाऱ्यात कोसळते. म्हणून अशा रस्त्यांवर सरळ खोडाची आणि खालच्या फांद्या सहज काढता येतील अशी जात निवडावी. चौक, वळण आणि शाळेच्या फाटकाजवळ वाहनचालकाची दृष्टी अडेल असे दाट, बुटके झाड लावू नये.

तिसरा निकष पानगळीच्या काळाचा आहे. महाराष्ट्राच्या हवामानात झाडाला पाने केव्हा असतात हे, ती किती आहेत याहून महत्त्वाचे आहे. गुलमोहर हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत बहुतांशी निष्पर्ण असतो. पळस आणि पांगारा ऐन वसंतात फुलतात ते पाने गाळून. बहावा एप्रिल-मे महिन्यांत सोन्यासारखा फुलतो, पण त्या वेळी त्याखाली उभ्या राहणाऱ्याला पुरेशी सावली मिळत नाही. कडुनिंब आणि करंज यांना मात्र मार्च-एप्रिलमध्ये थोडक्या दिवसांत नवी पालवी फुटते आणि कडक उन्हाच्या काळात ते हिरवे असतात. बसथांबा, आठवडी बाजार, दवाखाना, शाळा अशा ठिकाणी निर्णय याच मुद्द्यावर व्हायला हवा. बाजाराच्या दिवशी उघड्यावर भाजी मांडून बसणाऱ्या बाईच्या दृष्टीने चांगले झाड कोणते, हे ठरवायला फुलांच्या रंगाचा उपयोग नाही.

याखेरीज लाकडाचा ठिसूळपणा, काटे, पडणारी फळे, परागकण, वास, कीड आणि शेळ्या-गुरांचा उपद्रव यांचा विचार करावा लागतो.

प्रमुख जाती

कडुनिंब ही मराठवाड्यातील रस्त्यांसाठी पहिली पसंती मानली जाते आणि ती रास्त आहे. दुष्काळ सोसण्याची क्षमता, उन्हाळ्यातील सावली, कणखर लाकूड आणि लोकांच्या मनातील आदर या चारही गोष्टी त्यात एकत्र येतात. गुढीपाडव्याला ज्याची पाने खाल्ली जातात, ते झाड सहसा कोणी उगाच तोडत नाही. मात्र पाणी साचणाऱ्या खोलगट जागेत कडुनिंब लावू नये. शिवाय अलीकडच्या वर्षांत शेजारच्या तेलंगणात कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणावर दिसला आहे. उत्तम जात आहे म्हणून सगळा रस्ता तिचाच करणे, हे या रोगाला आमंत्रण ठरते.

करंज काळ्या व किंचित खारवट जमिनीतही तग धरतो. उंची मध्यम, सावली दाट आणि पाने न असण्याचा काळ अगदी थोडा असल्याने मध्यम रुंदीच्या रस्त्यांना तो सोयीचा आहे. त्याच्या पानांवर कीटकांमुळे पांढरे ठिपके व गाठी येतात. त्या दिसायला वाईट असल्या तरी झाडाला सहसा घातक नसतात.

चिंच मूळची आफ्रिकेतील आहे, परंतु ती इतक्या प्राचीन काळापासून येथे आहे की तिला परकी म्हणणे आता कोणालाच सुचणार नाही. सावकाश वाढ हा तिचा एकमेव मोठा दोष. लाकूड चिवट, मुळे खोल आणि आयुष्य शतकांचे असल्याने वादळात चिंच क्वचितच पडते. गावाबाहेरील रुंद रस्त्यांसाठी ती उत्तम आहे. वस्तीत मात्र चिंचा पाडण्यासाठी मारलेल्या दगडांचा हिशेब धरावा लागतो.

वड, पिंपळ आणि उंबर हे पक्ष्यांचे सर्वांत मोठे आधार आहेत. अन्य झाडांना फळ नसते अशा दिवसांतही यांपैकी कोणत्या ना कोणत्या झाडावर फळे सापडतात. परंतु अरुंद रस्त्यावर ती लावणे चुकीचे आहे. त्यांची मुळे भिंती व गटारे फोडतात आणि उंबराची पिकलेली फळे रस्त्यावर पडून दुचाकी घसरतात. त्यांची योग्य जागा म्हणजे चौक, देवळासमोरचे मोकळे अंगण, तळ्याचा बांध आणि गावाची वेस. जुन्या गावांत पिंपळाला पार बांधलेला असे. त्यामुळे झाडाला जागा राखली जाई आणि माणसांना बसायला ठिकाण मिळे. पार बांधताना खोडाभोवती सिमेंट आवळले तर मात्र पाराचाच फास होतो.

बाभूळ आणि पळस हे काळ्या जमिनीचे खरे रहिवासी आहेत. पळस पाणथळ व खारवट जमीनही सोसतो. त्याचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून मोठे रोप हलवण्यापेक्षा बी जागेवरच टोकणे सोपे पडते. बाभूळ काट्यांमुळे पदपथावर लावता येत नाही, पण गावाबाहेर, रस्ता व शेत यांच्यामधील मोकळ्या पट्ट्यात तिच्याइतके बिनतक्रार झाड दुसरे नाही.

विजेच्या तारांखाली व अरुंद गल्ल्यांत आपटा, कांचन, बहावा, भोकर अशा लहान किंवा मध्यम जाती घेता येतात. आपट्याच्या बाबतीत एक अडचण आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो ओरबाडला जातो आणि आपटा न सापडल्यास पानांच्या सारखेपणामुळे कांचनाचीही तीच गत होते. बकुळ सदाहरित, दाट व नीटस असतो. तो हळू वाढतो आणि पहिली काही वर्षे त्याला नियमित पाणी लागते. जेथे घरासमोर कोणी पाणी घालणारे आहे तेथेच तो लावावा.

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल असल्यामुळे शासकीय आवारांत व दुभाजकांत त्याची मागणी असते. त्याचे नैसर्गिक घर मात्र कोकण व सह्याद्रीतील ओढ्यांचा काठ हे आहे. मराठवाड्याच्या कोरड्या रस्त्यावर ते जगवायचे तर पाण्याची कायमची सोय हवी. सप्तपर्णीचेही असेच आहे. ती लवकर वाढते, तिच्या चिकामुळे शेळ्या तिला तोंड लावत नाहीत आणि तिच्या फांद्या एकावर एक छत्र्या धरल्यासारख्या नेटक्या येतात, म्हणून शहरांनी तिची लागवड फार केली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री एका झाडाचा गंध सुखद वाटतो. साऱ्या रस्त्याला तीच झाडे असली की खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

खोटा अशोक, म्हणजे आसुपालव, शाळा व कार्यालयांसमोर सरसकट दिसतो. त्याचा लोंबत्या पानांचा उभा प्रकार खांबासारखा वाढतो आणि खांबाइतकीच सावली देतो. अरुंद जागेत पडदा म्हणून तो ठीक आहे. त्याला अशोक म्हणण्याची रूढी पडल्याने खरा सीता अशोक अनेकांनी पाहिलेलाच नसतो.

परदेशी जातींचा वाद

परदेशी झाडे सरसकट वाईट, अशी भूमिका अलीकडे मांडली जाते. ती पूर्णतः टिकणारी नाही. चिंचेचे उदाहरण वर आलेच आहे. प्रत्येक जातीचा स्वतंत्र हिशेब करणे अधिक योग्य.

मादागास्करचा गुलमोहर सौंदर्यात अजोड आहे. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा केला जातो, यावरून त्याची लोकप्रियता ध्यानात यावी. परंतु त्याची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या पहिल्याच वादळात फांद्या मोडतात. बागेत किंवा मोकळ्या मैदानाच्या कडेला तो शोभतो, वाहने उभी राहतात अशा रस्त्यावर नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष विशाल छत्रीसारखी सावली देतो. मुंबईतील अनेक रस्त्यांची ओळख त्याच्याशी जोडलेली होती, परंतु २०१० नंतरच्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने तेथील पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले.

सुबाभूळ व गिरिपुष्प या जाती जळण, चारा आणि हिरवळीच्या खतासाठी उपयोगी असल्या तरी रस्त्यासाठी त्यांचे समर्थन करणे कठीण आहे. सुबाभळीचे बी इतके रुजते की काही वर्षांत ती आवरेनाशी होते. कोनोकार्पस हे झपाट्याने भिंतीसारखे वाढणारे झाड गेल्या काही वर्षांत दुभाजकांत व इमारतींच्या कुंपणाला लावले गेले. मुळांमुळे भूमिगत वाहिन्यांना होणारा उपद्रव आणि परागकणांविषयीच्या तक्रारी यांमुळे गुजरात शासनाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

जातींची विविधता

एकाच जातीच्या झाडांची रांग डोळ्यांना भावते. रोग आला की तीच रांग एकदम जाते. उत्तर अमेरिकेतील शहरांत विसाव्या शतकात एल्म वृक्षांच्या रांगा डच एल्म रोगाने अशाच नष्ट झाल्या. त्या अनुभवानंतर अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये एक ढोबळ नियम सुचवला. शहरातील एकूण झाडांत कोणतीही एक जात १० टक्क्यांहून, एक प्रजाती २० टक्क्यांहून आणि एक कुल ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असा तो नियम आहे. महाराष्ट्रात या नियमातील तिसरी अट विशेष अडचणीची आहे. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, शिरीष, करंज, चिंच, बहावा, कांचन, आपटा, पळस, बाभूळ, सुबाभूळ ही सारी झाडे एकाच शेंगावर्गीय कुलातील आहेत. वरवर पाहता वैविध्यपूर्ण वाटणारा रस्ता कुलाच्या दृष्टीने एकसुरी असू शकतो. कडुनिंब, जांभूळ, बकुळ, आंबा, भोकर, वावळ यांची भर घातल्यास हा तोल काही प्रमाणात सावरतो.

लहान गावात टक्केवारीचा असा काटेकोर हिशेब शक्य नसतो. तेथे एका रस्त्याला एक जात आणि शेजारच्या रस्त्याला दुसऱ्या कुलातील जात, एवढे केले तरी पुरते.

खड्डा, रोप आणि पाणी

योग्य जात निवडूनही लागवड चुकली तर निवड वाया जाते. खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा आणि जमीन चांगली भिजल्यावर रोप लावावे. खोल काळ्या जमिनीत खड्डा नुसत्या मुरमाने किंवा वाळूने भरण्याची चूक वारंवार होते. निचरा व्हावा हा हेतू चांगला असतो. प्रत्यक्षात सभोवतीच्या चिकणमातीतून पाणी बाहेर जाऊ शकत नाही, खड्ड्याचा हौद होतो आणि मुळे कुजतात. तीच माती कुजलेल्या शेणखतात मिसळून भरावी आणि रोप आसपासच्या पातळीहून थोड्या उंच वरंब्यावर लावावे.

रोप चार हात उंच असले म्हणजे चांगले, असे नाही. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल फिरलेली असतात. ती न कापता लावल्यास पुढे तीच मुळे खोडाला आवळतात आणि वीस वर्षांचे झाड एका वादळात बुंध्यापासून उलथते. पिशवी सोडून मुळे पाहिल्याशिवाय रोप घेऊ नये.

आळ्यावर आच्छादन घालणे हा काळ्या जमिनीतील भेगांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ऊस तोडणीनंतर शेतात जाळले जाणारे पाचट त्यासाठी उत्तम असते. पाण्याच्या टंचाईत रोपाशेजारी कच्च्या भाजणीचे, चकाकी न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. मडक्यातून पाणी झिरपत राहते, बाष्पीभवन कमी होते आणि आठवड्यातून एक-दोनदा भरले तरी चालते. नावातच कुंभार असलेल्या गावाला ही पद्धत परकी वाटू नये.

शेळ्यांपासून संरक्षणासाठी लावलेला लोखंडी पिंजरा वेळीच काढणे लागवडीइतकेच आवश्यक आहे. खोडात रुतून बसलेली पिंजऱ्याची कडी अनेक रस्त्यांवर पाहायला मिळते. पिंजरा बसवण्यासाठी निधी असतो. तो काढणे कोणाच्याच कामात मोडत नाही. खोडाभोवतीच्या काँक्रीटचेही तसेच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसंबंधीच्या प्रकरणात झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. गावांतील नव्या सिमेंट रस्त्यांचे काम मात्र आजही अनेकदा बुंध्याला टेकूनच थांबते.

लागवडीच्या मोहिमा

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठेवून मोहिमा राबवल्या. शाळा, ग्रामपंचायती आणि शासकीय खाती त्यांत सहभागी झाली. या मोहिमांमुळे गावोगावी रोपवाटिका उभ्या राहिल्या आणि झाडांचा विषय सार्वजनिक चर्चेत आला. त्याच वेळी, लावलेल्या रोपांपैकी किती जगली हा प्रश्न विधिमंडळातही विचारला गेला. रोपांची संख्या हे उद्दिष्ट ठरले की जातीची निवड रोपवाटिकेत जे उपलब्ध आहे त्यावर अवलंबून राहते आणि साहजिकच लवकर उगवणाऱ्या जाती पुढे येतात. चिंचेसारखी सावकाश वाढणारी जात अशा हिशेबात मागे पडते.

कायदेशीर बाबी

शहरी भागासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यानुसार महानगरपालिका व नगरपरिषदांत वृक्ष प्राधिकरण स्थापन केले जाते, झाड तोडण्यास त्याची परवानगी लागते आणि ठरावीक कालावधीने वृक्षगणना करायची असते. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद झाली. भरपाईची ही रोपे कोणत्या जातीची असावीत, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने सोडवावा लागतो.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत हा अधिनियम लागू होत नाही. तेथे मुख्यतः १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाचा आधार घेतला जातो. त्याच्या मूळ अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, अंजन इत्यादी झाडांची नावे आहेत. त्या यादीत वड, पिंपळ आणि कडुनिंब यांचा समावेश नाही.